चार खोल्या, एकच देवडी

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. कोल्हापूरहून हुपरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर करवीर तालुक्यात गडमुडशिंगी हे गाव आहे. तिथे माझा मामेभाऊ राहतो. तो माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, कॉम्प्युटर उठंना झालाय. दुकानात दाखवला तर फॉरमॅट मारायला लागतंय म्हणत्यात. मारू काय?"

"अजिबात मारू नकोस," मी म्हणाले. "मी येते परवा. तोवर त्याला हात लावू नकोस."

झाले होते ते असे. त्याचा संगणक २०११ साली घेतलेला. त्यावर विंडोज १० ही कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नियमित आधार थांबला, आणि विंडोज ११ ला लागणारी साधने या जुन्या यंत्रात नव्हती. चालते यंत्र टाकून द्यायचे कशाला, असा विचार करून भावाने एक वापरलेली हार्ड डिस्क मिळवली, ती दुसरी डिस्क म्हणून पेटीत बसवली आणि तिच्यावर लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली घातली. दोन दिवस दोन्ही छान चालल्या. मग त्याने पेटीचे झाकण लावले, घर आवरताना संगणक आतल्या खोलीत नेला आणि बटण दाबले. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या: अमुक एका लांबलचक क्रमांकाचे उपकरण सापडत नाही, आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. पुढे काही नाही. लिनक्स नाही आणि विंडोजही नाही.

त्या यंत्रात त्याने नऊ वर्षे स्वतः तयार केलेल्या प्रश्नपत्रिका होत्या, आणि दहावीच्या वर्गाचे पहिल्या सत्राचे गुणही होते. दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती.

दुकानदाराचा सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. डिस्क कोरी करून कार्यप्रणाली नव्याने घातली की यंत्र हमखास सुरू होते, आणि तासा-दोन तासांत काम संपते. पण भावाला यंत्रापेक्षा यंत्राच्या आतला मजकूर हवा होता. 'सुरू होत नाही' याचा अर्थ 'आतले सगळे गेले' असा आपण सहज लावतो. तो अर्थ बहुतेक वेळा चुकीचा का असतो, हे कळायला संगणक जागा कसा होतो याचा इतिहास पाहावा लागतो. हा इतिहास पाऊणशे वर्षांचा आहे.

पहिली आज्ञा कोण वाचणार?

संगणक म्हणजे स्मृतीत साठवलेल्या आज्ञा एकामागून एक पाळणारे यंत्र. या आज्ञा बाहेरून, म्हणजे कागदी फितीवरून किंवा चकतीवरून, स्मृतीत आणाव्या लागतात. त्या आणण्याचे कामही आज्ञा पाळूनच व्हायचे. मग ती आणणारी आज्ञावली स्मृतीत कोणी आणायची? कुलपाची किल्ली कुलपाच्या आत राहिली आहे, असा हा पेच आहे.

केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक या संगणकाने मे १९४९ मध्ये आपली पहिली आज्ञावली चालवली. त्यावर डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने काढलेला तोडगा नमुनेदार होता. त्याने फीत वाचण्यापुरत्या अवघ्या ३१ आज्ञा लिहिल्या. टेलिफोन केंद्रात वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर त्या तारांनी कायमच्या जोडून टाकल्या. बटण दाबले की या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत, आणि मग त्या उरलेले सारे फितीवरून वाचून घेत. थोड्या आज्ञांनी जास्त आज्ञांना बोलावून आणायचे, ही युक्ती तेव्हापासून आजपर्यंत बदललेली नाही. बुटाच्या मागची पट्टी धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचे, अशी इंग्रजीत एक थट्टेची कल्पना आहे. तिच्यावरून या क्रियेला 'बूटिंग' हे नाव पडले.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक बांधला गेला. तो १९६० साली पूर्णपणे कामाला लागला. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिले. त्याच वर्षी पुढे नोव्हेंबरात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. टिफ्रॅकची स्मृती प्रत्येकी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची होती. गुणाकार करून पाहा: ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट, म्हणजे १० किलोबाइट. ही स्मृती फेराइटच्या चिमुकल्या चुंबकीय कड्यांची होती. अशा कड्यांचा एक मोठा गुण म्हणजे वीज गेली तरी त्यांचे चुंबकत्व टिकते. त्यामुळे या प्रकारच्या यंत्रांत आदल्या दिवशी स्मृतीत ठेवलेली आज्ञावली दुसऱ्या दिवशीही सापडू शकत असे.

१९७० च्या दशकात कड्यांची जागा अर्धवाहक स्मृतीने घेतली. ती स्वस्त आणि वेगवान होती, पण वीज जाताच तिची पाटी कोरी होई. आता रोजची सुरुवात शून्यापासून होऊ लागली. १९७५ च्या आल्टेर संगणकात तर पुढच्या फळीवरच्या खटक्यांनी एकेक बाइट हाताने भरावा लागे. या यंत्रासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी बेसिक ही भाषा लिहिली. ती दाखवायला ॲलन विमानाने निघाले, आणि उतरायच्या थोडे आधी त्यांच्या लक्षात आले की, फितीवरची भाषा स्मृतीत ओढून घेणारी छोटी आज्ञावली लिहायचीच राहिली आहे. ती त्यांनी विमानातच लिहून काढली. त्या चार ओळींच्या कागदावाचून बाकी सारे श्रम यंत्राच्या दाराबाहेरच राहिले असते.

पाचशे बारा बाइटांचा करार

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक, म्हणजे पीसी, बाजारात आणला. त्यात खटके नव्हते. यंत्राच्या मुख्य फळीवरच्या एका चिपमध्ये 'बायोस' नावाची आज्ञावली कायमची कोरलेली होती. बायोसचे काम मर्यादित होते. यंत्राची तपासणी करायची, चकतीवरचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिले ५१२ बाइट, उचलायचे, स्मृतीत एका ठरलेल्या जागी ठेवायचे आणि 'पुढचे तू बघ' म्हणून कारभार त्यांच्या हाती द्यायचा.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हे पुढचे यंत्र काढले. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आज आपल्या खिशातल्या फोनने काढलेली तीन-चार छायाचित्रे तेवढी जागा घेतात, पण तेव्हा ती अफाट वाटे. एवढी मोठी डिस्क एकाच कार्यप्रणालीला द्यायची कशाला? तिचे चार विभाग पाडता यावेत आणि चार वेगळ्या कार्यप्रणाली त्यांत नांदाव्यात, अशी सोय त्याच वेळी आलेल्या डॉस २.० मध्ये केली गेली. त्यासाठी पहिल्या सेक्टरची वाटणी अशी झाली: ४४६ बाइट आज्ञांसाठी, प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी मिळून ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी, आणि शेवटचे २ बाइट 'हा सेक्टर खरा आहे' या शिक्क्यासाठी. ४४६ + ६४ + २ = ५१२.

म्हणजे एका संगणकावर दोन कार्यप्रणाली ठेवणे हा पुढच्या काळातल्या हौशी लोकांचा खटाटोप नव्हे. मूळ आराखड्यातच त्याला जागा होती. पण आराखडा नीट पाहिला तर त्यातली अडचणही तिथेच दिसते. वाड्यात खोल्या चार केल्या, पण देवडी एकच ठेवली. देवडीवर, म्हणजे त्या ४४६ बाइटांत, पहारेकरी एकच बसणार. मूळचा पहारेकरी साधा होता. चारांपैकी ज्या नोंदीवर 'चालू' अशी खूण असेल त्या खोलीचे दार तो उघडी. दुसऱ्या खोलीत जायचे तर आधी खूण बदलायची आणि मग यंत्र पुन्हा सुरू करायचे. 'कोणत्या खोलीत जायचे आहे?' असे विचारण्याइतकी अक्कल त्याला दिलेली नव्हती.

शिवाय या देवडीवर मालकी कोणाची, हे कोणत्याही नियमाने ठरलेले नव्हते. जी कार्यप्रणाली शेवटी घातली जाई ती आपला पहारेकरी बसवी आणि आधीच्याला उठवी. खोल्यांतले सामान मात्र जागच्या जागी राही. जागेवरचा हा हक्क इतका मोकळा होता की, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकी विषाणूंनीही तिथेच मुक्काम टाकला. १९८७ च्या सुमारास पसरलेला 'स्टोन्ड' हा विषाणू हार्ड डिस्कच्या याच पहिल्या सेक्टरमध्ये बसत असे.

हेलसिंकी, बंगळूर आणि बेळगाव

१९९१ च्या जानेवारीत हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने एक पीसी विकत घेतला. त्यावर डॉस होती. त्याने मिनिक्स ही शिकवण्यासाठी तयार केलेली कार्यप्रणाली घातली आणि तिच्या आधाराने स्वतःची तिसरी लिहायला घेतली. एके दिवशी मोडेमला फोन लावण्यासाठी द्यायचा आदेश त्याने चुकून हार्ड डिस्ककडे पाठवला. मिनिक्सच्या विभागातला महत्त्वाचा भाग त्या आदेशाखाली पुसला गेला. मिनिक्स पुन्हा घालावी की आपली अपुरी कार्यप्रणाली तिच्यावाचून उभी राहील इतकी पुरी करावी? त्याने दुसरा मार्ग धरला. हीच पुढे लिनक्स म्हणून जगाला माहीत झाली. या प्रसंगात मजकूर खरोखरच पुसला गेला होता, हे लक्षात ठेवू. गडमुडशिंगीच्या प्रकाराशी ताडून पाहायला तो उपयोगी पडेल.

भारतात लिनक्स सर्वसामान्य संगणकधारकांपर्यंत पोचली ती मासिकांसोबतच्या सीडींमुळे. पीसीक्वेस्ट या इंग्रजी मासिकाने १९९६ साली अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस (१९६२–२०१३) होते. त्यांचा जन्म जर्मनीतला, अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावातले आणि कर्मभूमी बंगळूर. सीडीचे महत्त्व कळायला एक गणित करू. एका सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावतो. त्या वेळी घरच्या टेलिफोनवरून सेकंदाला ९,६०० बिट अशा वेगाने इंटरनेट मिळे. या वेगाने एक सीडीभर मजकूर उतरवायला सलग सहा दिवसांहून अधिक काळ फोन चालू ठेवावा लागला असता.

सीडी फुकट, पण संगणक एकच, आणि त्यावर घरच्यांच्या कामाचे विंडोज ९५. तेव्हा साहजिकच असंख्य संगणकांवर दोन कार्यप्रणाली शेजारी शेजारी आल्या, आणि 'काल चालत होता, आज उठत नाही' हा अनुभवही घरोघरी आला. देवडी एकच असल्याचा तो परिणाम होता. त्या पिढीने एक नियम पाठ केला: आधी विंडोज घालावे, नंतर लिनक्स. कारण विंडोज घालताना पहिल्या सेक्टरमध्ये आपलाच पहारेकरी न विचारता बसवला जाई, आणि त्याला लिनक्सची खोली माहीत नसे. लिनक्सचा पहारेकरी दोन्ही खोल्या ओळखी.

चार अक्षरांची शिकवण

लिनक्सच्या त्या पहारेकऱ्याचे नाव 'लिलो'. वेर्नर आल्मेसबर्गर यांनी तो १९९२ च्या सुमारास लिहिला. ४४६ बाइटांत फारसे काही मावत नाही. चुकीचे सविस्तर वर्णन करायलाही जागा नाही. म्हणून लिलोने एक सुंदर युक्ती केली. आपल्या नावातली चार रोमन अक्षरे तो एकदम छापत नसे. एकेक टप्पा पार पडला की एकेक अक्षर छापी. पडद्यावर नुसते 'एल' आले आणि यंत्र थांबले, तर पहिला भाग सुरू झाला पण दुसरा आणता आला नाही. 'एल' आणि 'आय' आले, तर दुसरा भाग आला पण चालवता आला नाही. चारही अक्षरे आली, तर लिलो धडपणे उभा राहिला, आणि दोष असलाच तर त्याच्या पुढे आहे.

बिघाड शोधण्याचे सगळे सार या चार अक्षरांत आहे. जागे होणे ही हस्तांतराची साखळी आहे: बायोस, पहिला सेक्टर, पहारेकऱ्याचा उरलेला भाग, मग कार्यप्रणाली. यांतला जो शेवटी बोलला, त्याच्यापर्यंतची साखळी शाबूत आहे. तुटलेली कडी त्याच्या लगेच पुढे शोधायची.

लिलोची एक उणीव होती. कार्यप्रणालीचा गाभा डिस्कवर नेमक्या कोणत्या जागी आहे, याचे आकडे तो आधीच टिपून ठेवी. गाभा बदलला आणि नवी टिपणी करायची राहिली, की तो जुन्या पत्त्यावर जाऊन अडकून बसे. १९९५ साली एरिक बोलिन यांनी सुरू केलेल्या 'ग्रब' या आज्ञावलीने ही उणीव काढली. 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर' हे तिचे पूर्ण नाव. भौतिकशास्त्रातल्या 'ग्रँड युनिफाइड थिअरी'वरून केलेली ही गंमत आहे. ग्रबला डिस्कवरच्या फायली नावाने शोधता येतात. पण एवढी हुशारी ४४६ बाइटांत मावणार कशी? मग जागा शोधली गेली. त्या काळच्या रिवाजानुसार डिस्कवरचा पहिला विभाग ६३ सेक्टर सोडून सुरू होई. त्यांतला पहिला सेक्टर सोडला तर ६२ सेक्टर, म्हणजे सुमारे ३१ किलोबाइट जागा रिकामीच पडलेली असे. ग्रबने आपला एक तुकडा देवडीत, दुसरा या मोकळ्या पडवीत आणि बाकीचा पसारा लिनक्सच्या विभागात, अशी तीन ठिकाणी मांडणी केली.

गडमुडशिंगीतला तिढा

आता भावाच्या संगणकाकडे वळू. ठरल्याप्रमाणे मी गेले. बटण दाबले आणि त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. शेवटी बोलला कोण? ग्रब. म्हणजे बायोस ठीक, पहिल्या डिस्कचा पहिला सेक्टर ठीक, पडवीतला तुकडाही ठीक. ग्रबला पुढचा पसारा मिळत नव्हता. तो होता दुसऱ्या डिस्कवर. पहारेकरी पहिल्या वाड्याच्या देवडीत बसला होता आणि त्याची वही राहिली होती दुसऱ्या वाड्यात.

या अवस्थेत ग्रबला मोजक्याच आज्ञा कळतात. त्यांतली एक 'एलएस'. 'तुला काय काय दिसते ते सांग', असा तिचा अर्थ. ती दिल्यावर उत्तरात पहिली डिस्क आणि तिचे दोन विभाग आले. दुसऱ्या डिस्कचे नावच नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले आणि बायोसची यादी पाहिली. तिथेही एकच डिस्क. म्हणजे हा प्रश्न आज्ञावलींचा राहिला नव्हता. पेटीची वायर काढून झाकण उघडले. दुसऱ्या डिस्कला मुख्य फळीशी जोडणारी पातळ पट्टी अर्धवट निसटली होती. झाकण बसवताना किंवा पेटी आत नेताना तिला ओढ बसली असावी. ती नीट दाबून बसवली, बटण दाबले, आणि पडद्यावर दोन्ही कार्यप्रणालींची यादी आली. खर्च शून्य.

भाऊ म्हणाला, "पण ताई, विंडोज तर पहिल्याच डिस्कवर हुतं की. ते का उठंना?"

प्रश्न अगदी योग्य होता. विंडोजच्या एकाही फायलीला धक्का लागलेला नव्हता. पण तिच्या देवडीत आता ग्रब बसला होता. वहीवाचून त्याला विंडोजची खोलीही उघडता येत नव्हती. दुकानदाराच्या सल्ल्याप्रमाणे पहिली डिस्क कोरी केली असती, तर जी डिस्क पूर्ण धड होती तीच पुसली गेली असती, आणि निसटलेली पट्टी निसटलेलीच राहिली असती.

यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. सर्वांत आधी प्रश्नपत्रिका आणि गुणांच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवल्या. मग दुसऱ्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ग्रब बसवला आणि बायोसमध्ये ती डिस्क पहिल्या क्रमांकावर घेतली. शेवटी विंडोजच्या दुरुस्तीच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून 'बूटरेक' या आज्ञेच्या 'फिक्सएमबीआर' या पर्यायाने पहिल्या डिस्कच्या देवडीत विंडोजचा मूळ पहारेकरी परत आणला. ही आज्ञा फक्त पहिले ४४६ बाइट बदलते, विभागांच्या तक्त्याला हात लावत नाही. आता दोन वाडे, दोन देवड्या. खात्री करण्यासाठी वीज बंद करून दुसऱ्या डिस्कची पट्टी मुद्दाम काढली आणि यंत्र सुरू केले. विंडोज विनातक्रार उठले.

पट्टी निसटलेली नसती तर? तरीही मजकूर वाचवता आला असता. ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स घातली, त्यावरूनच ती न घालता, नुसती 'वापरून पाहा' या पर्यायाने चालवता येते. तेव्हा देवडीची गरजच पडत नाही; पेन ड्राइव्ह आपली देवडी बरोबर घेऊन येतो. त्यातून हार्ड डिस्क उघडून फायली दुसरीकडे उतरवता येतात. दुरुस्तीचा कोणताही प्रयोग करण्याआधी हे करावे. मात्र डिस्कवरचा मजकूर सांकेतिक कुलपात ठेवलेला असेल, तर त्याची किल्ली हाताशी लागेल.

नवी रचना, जुना प्रश्न

२०११ नंतर घेतलेल्या बहुतेक संगणकांत बायोसची जागा हळूहळू 'यूईएफआय' या रचनेने घेतली. इंटेल कंपनीने तिची सुरुवात केली आणि २००५ पासून अनेक कंपन्यांचा एक मंच ती सांभाळतो. तिच्यासोबतच्या नव्या विभागतक्त्यात चाराऐवजी साधारणपणे १२८ नोंदी असतात. सर्वांत महत्त्वाचा फरक देवडीचा. आता डिस्कवर एक छोटा स्वतंत्र विभाग राखलेला असतो आणि त्यात प्रत्येक कार्यप्रणाली आपापल्या कप्प्यात आपला पहारेकरी ठेवते. कोणाला आधी बोलवायचे याची यादी मुख्य फळीवरच्या स्मृतीत असते. एकाने दुसऱ्याला उठवण्याची गरज उरली नाही. नवी कार्यप्रणाली घातल्यावर जुनी दिसेनाशी झाली, तर अनेकदा या यादीतला क्रम बदलणे एवढेच पुरते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एक कार्यप्रणाली जुन्या पद्धतीने आणि दुसरी नव्या पद्धतीने घालणे. मग एकीच्या पद्धतीने यंत्र सुरू केले की दुसरी दिसत नाही. दोन्ही एकाच पद्धतीने घालाव्यात.

मालकीचा प्रश्न मात्र नव्या रूपात आला. विषाणूंना देवडीत बसू देऊ नये म्हणून पहारेकऱ्याच्या ओळखपत्राची तपासणी, म्हणजे 'सिक्युअर बूट', सुरू झाली. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ती सर्वत्र पोचली. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुधारणेने काही जुनी ओळखपत्रे रद्द केली. ज्या संगणकांवर दोन कार्यप्रणाली आहेत त्यांना हा बदल लागू होणार नाही, असे कंपनीने म्हटले होते. प्रत्यक्षात तो कित्येकांना लागला आणि त्यांची लिनक्स 'सुरक्षा धोरणाचा भंग' असा संदेश देऊन उठेनाशी झाली. याही वेळी कोणाच्या फायली पुसल्या गेल्या नव्हत्या. पहारेकरी दारात अडवला गेला होता, एवढेच. ज्यांना हे ठाऊक होते त्यांनी तपासणी तात्पुरती थांबवून काम चालवले. विंडोजची डिस्क बिटलॉकरच्या कुलपात असेल तर अशा बदलानंतर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. म्हणून ती आधीच कागदावर लिहून ठेवावी.

वर्गात करण्याजोगे

हा विषय संगणकाच्या तासाला दोन प्रकारे घेता येईल. आलेखाच्या कागदावर १६ × ३२ अशी ५१२ चौकटींची जाळी आखायला सांगा. ४४६ चौकटी एका रंगाने, ६४ दुसऱ्या रंगाने आणि २ तिसऱ्या रंगाने भरायला सांगा. टिफ्रॅकच्या सबंध स्मृतीत अशा किती जाळ्या मावल्या असत्या, असे विचारा. १०,२४० भागिले ५१२, उत्तर २० येईल.

दुसरा प्रकार खेळाचा. पाच विद्यार्थ्यांना ओळीने उभे करा: बायोस, पहिला सेक्टर, ग्रबचा उरलेला भाग, कार्यप्रणाली आणि वापरणारा. प्रत्येकाने आपले नाव मोठ्याने सांगायचे आणि पुढच्याच्या हाती चिठ्ठी द्यायची. एकाला गुपचूप सांगून ठेवा की चिठ्ठी पुढे द्यायची नाही. बाकीच्या वर्गाने डोळे मिटून नुसते ऐकायचे आणि साखळी कुठे तुटली ते ओळखायचे. दोन-तीन फेऱ्यांत मुले बरोबर ओळखू लागतात.

माझ्या भावाने हा खेळ सुट्टीनंतर आपल्या नववीच्या वर्गात घेतला. त्याच्या प्रश्नपत्रिकांची एक प्रत आता पेन ड्राइव्हवर शाळेच्या कपाटात आहे आणि दुसरी माझ्याकडे.